लिफ्टमनचा कोट

६ जानेवारी

ती. आईस,

साष्टांग नमस्कार वि. वि. मी इथे बरी आहे, आणि तूही गुडघ्याला न चुकता तेल चोळतेस असं समजून चालते.

फोनवर बोललेलं हवेत जातं, पत्र उशाखाली ठेवता येतं, असं तू मागे म्हणालीस. म्हणून आज हट्टाने कागद घेऊन बसले. परदेशात सहा वर्षं झाली, पण खोली तीच, चौथ्या मजल्यावरची. समोरच्या गच्चीवर एक गृहस्थ दर शनिवारी आठवड्याचे सात सदरे एकदम वाळत घालतात. त्यांचा शनिवार आला की माझा रविवार जवळ आला हे मला कळतं.

संस्थेतलं काम, शिकवणं आणि अहवाल, नेहमीसारखंच. मागच्या वर्षी दहा महिने राबून एक अहवाल लिहिला. किती जणांनी वाचला म्हणून चौकशी केली, तर अकरा. त्यातले तिघे माझ्याच टेबलाभोवती बसतात. तेव्हा एक ठरवलंय, हसू नकोस. दर रविवारी इंटरनेटवर मराठीत लिहायचं. अर्थशास्त्रच, पण तुला कळेल असं. तुला जे कळलं नाही ते वाक्य बाद. पहिला लेख टाकला आहे: शेजारची रांग आपल्या रांगेपेक्षा नेहमी वेगाने का सरकते. छापून सोबत पाठवते. जिथे अडशील तिथे पेन्सिलीने टिंब दे.

पुढचा लेख यंत्रं आणि माणसांची कामं यावर. लोक फार घाबरलेत. त्यात मी बाबांना आणणार आहे. लिफ्टला बटणं आली, लिफ्टमनची जागा गेली, आणि आठवड्याच्या आत तेच बाबा त्याच इमारतीच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे राहिले, तोच निळा कोट घालून. याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळणार? लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला थांबली नाही तर दार उघडायच्या आधी ते सांगायचे ना, पाय जपून, दोन इंच खाली आहे, तेही घालणार. शाळा सुटल्यावर मी सातव्या मजल्यापर्यंत फुकट चकरा मारायचे, ते मात्र घालणार नाही.

मावशीला नमस्कार. तिकीटखिडकीआडून लोकांवर खेकसणं कमी कर म्हणावं.

तुझी,
टिल्ली


२२ जानेवारी

चि. टिल्लीस,

आईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. उशाखाली ठेवलं आहे, गुडघ्याला तेल चोळत नाही, आता रागव.

लेख दोनदा वाचला. माझी टिंबं नऊ झाली. त्यातली चार एकट्या ‘उपभोक्ता’ला. तो गिऱ्हाईकच ना गं? मग गिऱ्हाईक लिहायला काय लाज वाटते? मी शाळेत तीन वर्षं गेलेली बाई. पुढचं वाचायला शिकले ते लोकांनी लिफ्टमध्ये विसरलेल्या वर्तमानपत्रांवर. तुझे बाबा रोज घडी घालून घेऊन यायचे. त्यामुळे मला बातम्या कळतात, पण बहुतेक मधूनच सुरू होतात. तुझा लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हातात आला, हे एक बरं झालं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, इथून पुढे त्या आपणहून छापून देतील, टपालाची वाट बघायला नको.

मावशी म्हणाली, रांगेविषयी तिला विचारलं असतंस तर एवढं लिहावंच लागलं नसतं. वीस मिनिटं रांगेत उभा राहिलेला माणूस खिडकीशी आला की मगच खिशात हात घालतो, आणि मग त्याला आठवतं की पाकीट दुसऱ्या खिशात आहे. आणि म्हणे खेकसते ती तेवढ्यासाठीच, उगाच नाही.

तुझ्या बाबांना मात्र लेखात नको आणू. त्यांच्याविषयी चारचौघांत बोललेलं त्यांना कधी आवडलं नाही. लिफ्टवाल्याचंच हवं असेल तर दुसरा कोणी बघ. टेलिफोन जोडून देणाऱ्या बायका असायच्या, त्यांचं लिही. ऐक माझं एवढं. कारण विचारू नकोस.

जेवणाची हयगय करू नकोस. लोभ आहेच, वेगळा मागत नाही.

तुझी,
आई


१० फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं त्याच्या दोनच दिवस आधी बाबांवरचा लेख टाकून बसले होते. रागावू नकोस. आणि आधी पुढचं ऐक.

चाळीस हजार लोकांनी वाचला! माझा अकरांचा हिशेब आठव आणि मग चाळीस हजार म्हण. कोणी कोणी लिहून पाठवतात की डोळ्यांत पाणी आलं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, त्यांचा मुलगा यंत्रांच्या धास्तीने झोपत नव्हता, त्याला लेख वाचून दाखवला. त्यातलं एक वाक्य तर लोक एकमेकांना पाठवताहेत: यंत्राने माझ्या वडिलांची जागा घेतली, वडिलांनी आठवड्यात दुसरी शोधली. संस्थेतल्या साहेबांना भाषांतर करून दिलं, तर त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं की असं आपण का लिहीत नाही.

बाबांना आवडलं नसतं म्हणतेस. मला नाही तसं वाटत. त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. आयुष्यभर लोकांना वर नेलं आणि स्वतः खालीच आले, त्यांना एकदा तरी कोणी वर न्यायला नको?

वाचून कळव. टिंबं मोजूनच कळव.

तुझी,
टिल्ली


३ मार्च

चि. टिल्लीस,

आशीर्वाद. लेख वाचला. टिंब एकही नाही. सगळं कळलं, तिथेच घोटाळा आहे.

तुला वाटेल आईने फोन का नाही केला. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं. लिहिताना थांबता येतं.

मावशीच्या बस आगारात अकरा खिडक्या आहेत. त्या सगळ्या बंद करून तिकिटाची यंत्रं बसवणार आहेत. गेल्या सोमवारी सगळ्यांना घरच्या माणसांसह बोलावलं होतं. मावशीच्या घरात आहे कोण? मी गेले. लांबलचक खोली, लोखंडी खुर्च्या, भिंतीवर जुनं वेळापत्रक. त्या अकरा जणांचं आधीच ठरलं होतं की दुसरं काम लेखी दिल्याशिवाय जागा सोडायच्या कागदावर कोणी सही करायची नाही. मावशी तर सगळ्यांत पुढे. येताना रस्ताभर मला सांगत होती, ताई, मी आज कशी तोंड उघडते ते बघच.

साहेब आले, माणूस गोड. त्यांनी एक कागद काढला आणि वाचायला लागले. तुझा लेख. निळा कोट, पाय जपून, आठवड्यात दुसरी जागा, सगळं. वाचून झाल्यावर म्हणाले, ही स्वतः लिफ्टमनची मुलगी आहे, परदेशात अर्थशास्त्रज्ञ आहे, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मावशी उभी राहिली आणि भरल्या आवाजात म्हणाली, ते माझे भाऊजी. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, भाऊजींना पंचेचाळिसाव्या वर्षी आठवड्यात मिळालं, मला का नाही मिळणार? तिने माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं. तिने सही केली. तिचं बघून आणखी तिघांनी केली.

त्याच पेनने आता हे लिहिते आहे.

टिल्ली, तुझे बाबा पहारेकरी कधीच झाले नाहीत. बटणं आल्यावर त्यांना त्या इमारतीत कोणी ठेवलं नाही. त्यांनी आपल्याला सांगितलं की ठेवलं, आणि रोज कोट घालून बाहेर पडू लागले. महिन्याभराने एकदा ते जेवणाचा डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले. दारावर दुसराच माणूस. म्हणाला, लिफ्टवाले गेले की, त्यांना जाऊन महिना झाला. मी डबा परत आणला आणि संध्याकाळी त्यांना सांगितलं की डबा घरीच राहिला होता, मीच खाल्ला. ते हो म्हणाले. बस, तेवढंच.

पुढे त्यांच्या मोज्यांत गव्हाचा कोंडा सापडायला लागला. तेव्हा समजले की स्टेशनमागच्या धान्याच्या गोदामात पोती उचलायला जातात. मी तिथे कधी गेले नाही. गेले असते तर त्यांना माझ्याकडे बघावं लागलं असतं. चार वर्षं रोज सकाळी मी तो कोट झाडून, इस्त्री करून द्यायची आणि ते घालून जायचे. संध्याकाळी कोट जसाच्या तसा स्वच्छ. याचं मला नवल वाटायचं, कारण आतला सदरा धुळीने भरलेला असायचा. छातीचा विकार त्या धुळीनेच झाला. हे काम काय करतात, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तू कॉलेजच्या परीक्षेला बसली होतीस.

शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, टिल्लीला सांगू नकोस. काय ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मी त्यांना शब्द दिला होता. आज तो मोडला. पण सोमवारी मी तोंड शिवून बसले, ते शब्दासाठी नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला तेवढा वेळ ते दारावर उभे दिसले. मला ते बरं वाटलं. याची मला लाज वाटते.

बाकीच्या सात जणांना पंधरा एप्रिलपर्यंत मुदत आहे. काय करायचं ते तू ठरव. मावशीला मी उद्या सांगणार आहे.

आई


१४ मार्च

ती. आईस,

पत्र तीन दिवस टेबलावर आहे. नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घे.

आधी खूप चिडले. तुझ्यावर. म्हणजे मी दहावीचा अभ्यास करत होते, आणि ते संध्याकाळी येऊन आज दारावर कोण कोण आलं याच्या गोष्टी सांगायचे. सातव्या मजल्यावरच्या जाड्या वकिलाची नक्कल करायचे. ते सगळं काय होतं? रोज पोती वाहून आल्यावर ते नवीन गोष्ट कधी रचायचे?

मग मी तुला एक उत्तर लिहिलं, ते फाडलं. त्यात लिहिलं होतं की एका उदाहरणाने काही बिघडत नाही, बाबांना काढून टाकलं तरी लेखातला मुद्दा उभा राहतो, यंत्रांनी एकूण कामं कमी होत नाहीत. हे खरं आहे, आई. पण मग मला तुझा आवाज ऐकू आला: मुद्दा उभा राहतो तर बाबांना घातलंस कशाला? घातलं, कारण त्यांच्याशिवाय तो पुन्हा अकराच जणांनी वाचला असता.

आणि आता जे सांगते ते तुझ्या चुकीहून मोठं आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाची जागा गेली तर त्याला तशी जागा बहुधा परत मिळत नाही, मिळते ती हलकी मिळते, आणि अशा लोकांची तब्येत ढासळते, हे मला ठाऊक होतं. मी ते शिकवते. लेखाच्या पहिल्या मसुद्यात त्यावर एक परिच्छेद होता. तो मी काढला. लेख जड होत होता म्हणून, आणि मनात आलं म्हणून की आकडे काहीही म्हणोत, माझ्या बाबांना तर मिळालं होतं. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने आकडे सोडून वडिलांवर विश्वास ठेवला. एवढी चूक माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी केली असती तर मी त्यांना उभं केलं असतं.

मावशी काय म्हणाली? तिने सही मागे घेतली तर चालेल का? तिथे विचार ना.

मला सुचत नाही काय करावं. लेख नुसता काढून टाकावा असं वाटतं. कोणाला कळणारही नाही.

टिल्ली


२२ मार्च

चि. टिल्लीस,

मावशीचा आशीर्वाद. ताईने मला सगळं सांगितलं आणि तुझं पत्रही वाचायला दिलं. सही मागे घेता येत नाही, विचारून आले. महिनाअखेरीस माझी खिडकी बंद.

तुझ्यावर राग आहे. ताईवर जास्त आहे, तिच्याकडे मी जात नाही सध्या. भाऊजींवर करावासा वाटतो तर होत नाही, ते माझ्यासाठी लिफ्ट खाली आणून थांबायचे.

लेख गुपचूप काढणार म्हणतेस. काढ की. पण आमच्या साहेबांकडे त्याच्या वीस प्रती आहेत, त्या कोण काढणार? खिडकीवर मी एकवीस वर्षं बसले. चुकीचं तिकीट गेलं तर माणसामागे धावत जाऊन बदलून दिलं आहे, चपला हातात घेऊन. तुझ्या भाषेत त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

बरी राहा.

मावशी


४ एप्रिल

ती. आईस,

सा. न. वि. वि. मावशीचं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लिहायला बसले. जुना लेख तिथेच ठेवला आहे, त्याच्या डोक्यावर नवा चढवला. म्हणजे जो जुना उघडेल त्याला आधी नवा लागेल. सुरुवात अशी आहे: पाय जपून. मागच्या लेखात मी तुम्हाला जिथे उतरवलं, तिथे मजला नव्हता.

बाबांचं खरं काय झालं ते लिहिलं, गोदामासकट. काढलेला परिच्छेद परत घातला. अशा वेळी माणसांनी सही करण्याआधी काय काय लेखी मागावं तेही लिहिलं. मावशीला विचारलेलं नाही, म्हणून तिची गोष्ट घातलेली नाही.

पुष्कळ लोक रागावले. आमची फसवणूक केली म्हणतात. मास्तरांनी लिहिलं, मुलाला आता काय सांगू? संस्थेतले साहेब जिन्यात भेटले तर घड्याळ बघत खाली गेले. हा लेख किती जणांनी वाचला ते मी पाहिलेलं नाही. सात जणांनी वाचला तर पुरे.

आई, बाबांनी प्रत्येक उतारूला दोन इंच सांगितले आणि आपल्याला चार वर्षं सांगितली नाहीत. मी याच्यापाशी येऊन रोज अडते. याला टिंब देते.

तुझी,
टिल्ली


१७ एप्रिल

चि. टिल्लीस,

अनेक आशीर्वाद वि. वि. लेख वाचनालयातल्या बाईंनी आठ प्रतींत छापून दिला. दहा तारखेला दुपारी मी आगारात गेले. साहेबांनी बसायला नाही म्हटलं, म्हणून खिडक्यांसमोरच्या मोकळ्या जागेत, रांगेच्या दोरीपाशी उभी राहून वाचला. मोठ्याने, बोट ठेवून, मला जमतं तसं. मध्ये दोन बस सुटल्या, त्या वेळी थांबले. त्या सातांनी ऐकलं. काल कळलं की त्यांनी सह्या केल्या नाहीत, दुसऱ्या कामाचं लेखी मागितलं आहे. मिळेल की नाही कोण जाणे. साहेब आता गोड राहिलेले नाहीत.

मावशी मागे खांबाशी उभी होती. तिची खिडकी बंद होऊन दहा दिवस झाले होते, तरी आलेली. वाचून झाल्यावर माझ्याजवळ येऊन तिने एवढंच विचारलं की भाऊजी दुपारचा डबा कुठे बसून खायचे. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि मी एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, चल.

गोदाम अजून आहे. पत्रे बदलले आहेत. आत उभं राहिलं की पहिल्यांदा काही दिसत नाही, उन्हाच्या पट्ट्यात फक्त कोंडा उडताना दिसतो. वजनकाट्याशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी नाव सांगितलं तर त्यांना आठवेना. मावशीने निळा कोट म्हटलं, तर ते स्टुलावरून उठलेच.

म्हणाले, कोटवाले होय. सकाळी आले की कोट काढून वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि काट्यामागच्या फळीवर ठेवायचे. त्या फळीवर दुसरं काही ठेवायची कोणाची टाप नव्हती. आणि संध्याकाळी पाचला हातपाय धुऊन कोट घातला की यांच्यापुढे पाठ करून उभे राहायचे. पाठीवर काही लागलंय का बघा म्हणायचे. घरी मंडळी आहेत, मुलगी हुशार आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मग ज्याचे हात कोरडे असतील तो फडक्याने त्यांची पाठ झाडायचा. बाकीचे थट्टा करायचे, साहेबांना हापिसातून सुटी झाली म्हणून. पण झाडायचे. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही, असं ते म्हणाले.

मला वाटत होतं तो कोट मी एकटीच झाडते.

परत येताना मावशी माझ्याबरोबर घरी आली. ती माझ्याकडेच जेवली. तुझ्यावरचा राग अजून आहे, कळव म्हणाली. तिला काम मिळालेलं नाही. मी आजपासून गुडघ्याला तेल चोळायला लागले आहे, कारण गोदामापर्यंत चालताना त्रास झाला आणि मला तिथे पुन्हा जायचं आहे.

तू टिंब दिलंस तिथे मीही दिलं. पण त्या फडक्याने झाडणाऱ्या माणसांना कोणी पगार दिला नव्हता, ती कुठल्या आकड्यात येत नसतील. त्यांना तुमच्या शास्त्रात काय म्हणतात ते कळव. नसेल काही म्हणत, तर पुढच्या रविवारी त्यांच्यावर लिही.

आणि ‘हमाल’ असंच लिही. दुसरा शब्द शोधू नकोस.

तुझी,
आई